फुकटचा उपमा

२०२५ च्या दिवाळीत आई-बाबांना घेऊन दिल्लीला ताईकडे भाऊबीजेला चाललो होतो. बाबांचा पहिलाच विमानप्रवास. आठवडाभर मी फुशारक्या मारत होतो, "आई, डबा-बिबा घेऊ नकोस, आपल्याला लाउंजमधे सगळं फुकट आहे."

पुणे विमानतळावर काउंटरला ऐटीत कार्ड दिलं. दोन रुपयांचा व्यवहार करून ते तपासतात. तपासलं, आणि मशीन नाही म्हणालं. "सर, दुसरं कार्ड आहे का?" मागे ही रांग! बाबा छताकडे बघत उभे. माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून.

परत आल्यावर नियम वाचले. (आधी वाचायचे असतात, मान्य.) पूर्वी कार्ड दाखवलं की आत, असा मामला होता. २०२३-२४ पासून बँकांनी खर्चाची अट घालायला सुरुवात केली. उदाहरणार्थ, आयसीआयसीआयने १ एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट घातली. माझं कार्ड दुसऱ्या बँकेचं, पण तऱ्हा तीच. आणि मेख आहे ती 'आधीच्या' या शब्दात. आम्ही नवा फ्रिज घेतला दसऱ्याला, २ ऑक्टोबरला. म्हणजे तो ऑक्टोबर-डिसेंबरच्या हिशोबात गेला, त्याचं पुण्य जानेवारीत मिळणार! ३० सप्टेंबरला घेतला असता तर? तर मी एकटाच आत गेलो असतो. माझ्या कार्डावर पाहुणे फुकट नाहीतच.

आता अट घातली यात मला काही गैर वाटत नाही. प्रत्येक माणसामागे बँकेला पैसे मोजावे लागतात, आणि तिने काही अन्नछत्र उघडलेलं नाही. राग आहे तो लपवाछपवीचा. कार्ड विकताना 'कॉम्प्लिमेंटरी' ठळक अक्षरात आणि अट मात्र चांदणी लावून तळाला. बिल थकलं की लगेच एसेमेस येतो; या तिमाहीत तुम्हाला लाउंज नाही, हे मात्र काउंटरवरच्या मुलीने सांगायचं, तेही चारचौघात. अहो, डेटा तुमच्याकडे आहे ना? ऍपमधे एक ओळ दाखवायला कितीसं काम? एका वीकेंडला मी करून देतो, बोला.

आमच्या ऑफिसातला एकजण तिमाही संपत आली की सासऱ्यांच्या विम्याचा हप्तासुद्धा स्वतःच्या कार्डावर भरतो. लाउंजसाठी! मला नाही जमणार. वर्षातून तीनदा उडणारा माणूस मी, इडली विकत घेऊन खाईन.

असो. आईने माझं न ऐकता धपाटे घेतलेच होते. गेटसमोरच्या खुर्च्यांवर बसून तिघांनी खाल्ले. बाबांनी हळूच विचारलं, "आत काय असतं रे?"

"उपमा," मी म्हटलं.