पाण्याची ऊब आणि माशांतील नर-मादी

खडवलीसारख्या भातसाकाठच्या गावी बसून शेतीखात्याच्या माणसाने समुद्रातील लेप माशाविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जे शेतकरी बंधू शेततळ्यात मासे सोडण्याच्या विचारात आहेत, त्यांना या चपट्या माशांची हकीकत उपयोगी पडेल, अशी माझी समजूत आहे.

कोंबडीचे पिल्लू नर की मादी, हे अंड्यातच ठरलेले असते. चपट्या माशांच्या काही जातींत मात्र तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका जातीत मादीचा वारसा घेऊन जन्मलेले पिल्लू, कोवळ्या वयात पाणी फार ऊन किंवा फार गार मिळाल्यास, नर होते. प्रयोगांत २३ अंश सेल्सिअसला नर व माद्या जवळजवळ सारख्या निघाल्या. १८ व २८ अंशांस नर वाढले. नराच्या वारशाचे पिल्लू नरच राहते. म्हणजे घट होते ती माद्यांचीच.

हे केवळ टाक्यांतच घडते असे नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यावरील पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत दक्षिणेकडील अधिक ऊन पाण्यात पिल्लांपैकी ९४ टक्क्यांपर्यंत नर आढळले. या माशांत मादीच मोठी वाढते. त्यामुळे माद्या घटल्या की आधी जाळ्यातील वजन व पुढे पिल्लांची संख्या, अशी दुहेरी खोट येते.

कल्याणच्या बाजारातील लेपाचा एक चिनी भाऊबंद आहे. त्याच्याही मादी-वारशाच्या पिल्लांपैकी पुष्कळशी २८ अंशांत नर होतात. यावरून आपल्या लेपाविषयी घाईने अनुमान काढू नये. आपल्या समुद्राला २८ अंश ही नित्याचीच ऊब. कटला, रोहू, मृगळ यांनाही हा नियम लावणे उचित नव्हे.

चिलापीची गोष्ट उलट. तिच्या एका प्रसिद्ध जातीतही, अगदी लहान पिल्लांस सुमारे ३६ अंशांचे पाणी काही दिवस मिळाल्यास नर वाढतात. पण येथे नरच लवकर भरतो आणि मादी अंडी तोंडात सांभाळीत मागे राहते. एका माशात जो तोटा, तोच दुसऱ्यात नफा!

म्हणून माझे मत असे, की बीज विकणाऱ्याने ते कोणत्या तापमानात वाढविले हे पावतीवर लिहून द्यावे. शेतकऱ्यानेही खत-खाद्याच्या हिशेबाइतकीच तापमानाची वही अगत्याने ठेवावी. उथळ तळे वैशाखात किती तापते, हे हात घालून समजत नाही; साध्या तापमापीने सकाळी व दुपारी, पृष्ठभागावर व तळाशी पाहावे. मासे काढताना केवळ एकूण वजन न करता मूठभर मासे चिरून नर किती, माद्या किती हेही टिपावे. अशा दहा-पाच वह्या एकत्र आल्या, तर आमच्यासारख्यांस शिफारस करताना परदेशी आकड्यांवर विसंबावे लागणार नाही.