आईचं ताट

‘मला काय, कशावरही भागतं.’ ‘तुम्ही जेवून घ्या, मी बसते मागाहून.’ ‘एवढंसंच उरलंय, टाकायचं कशाला, मी संपवते.’ ही तीन वाक्यं ऐकू आली नाहीत असं एकही मराठी घर मला माहीत नाही. आपण या वाक्यांचं फार कौतुक करतो. मातृदिनाला तर त्यावरच्या कविता मोबाईलवर दिवसभर फिरत असतात. मला मात्र आताशा वाटतं की ही वाक्यं आपल्या मुली फार लक्ष देऊन ऐकतात, आणि त्यातून भलतंच काही शिकतात.

ही सवय आली कुठून ते आमच्या पिढीला सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ आम्ही डोळ्यांनी पाहिला. दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथे मिळणारी सुकडी खायची, आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. चार भाकरी आणि सहा माणसं असली की कोणीतरी कमी खाणं भागच होतं, आणि ते कोणी खायचं हे न बोलता ठरलेलं असायचं. त्या बाईला मी नमस्कारच करते. पण आता आमचं वडगाव रासाई म्हणजे भीमेकाठचं उसाचं गाव. डब्यात पीठ आहे, फडताळात तेल आहे. टंचाई गेली, पण आईचं शेवटी बसणं काही गेलं नाही. पूर्वी ती गरज होती, आता तो सद्गुण झालाय.

आणि सद्गुण म्हटला की मुली तो उचलणारच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी भेटायला आली होती. तिची मुलगी सोळा वर्षांची, हुशार, कामसू. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. आईला अभिमान वाटला, आजकालच्या पोरी कुठे एवढं करतात म्हणून. पुढे उपवासाच्या दिवशीचा फराळही सुटला. मग ‘पोट भरलंय’, ‘मैत्रिणीकडे खाल्लं’ सुरू झालं. वर्षभरात वजन ५१ किलोवरून ३७ वर आलं. पाळी बंद झाली, भर उन्हाळ्यात पोरीला थंडी वाजायची. घरच्यांनी आधी बाहेरचं बघितलं, मग रक्त तपासलं, आणि शेवटी पुण्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: ॲनोरेक्सिया. ती मला म्हणाली, ‘बाई, आम्हाला वाटलं हा श्रीमंतांच्या पोरींचा आजार.’

हे नाव १८७३ साली लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी दिलं. म्हणजे झीरो फिगर आणि मोबाईल यायच्या कितीतरी आधीचं हे दुखणं. हे नखरे नव्हेत आणि हट्टही नव्हे. मनाच्या आजारांत सर्वात जास्त जीव घेणाऱ्या आजारांमध्ये त्याची गणना होते. उपासमारीनं मनच बदलतं. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्याच संमतीनं, सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवलं. ते तरुण दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. प्रयोग संपल्यावर काहींना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. ‘एकादशी दुप्पट खाशी’ असं आपण थट्टेनं म्हणतो ना, त्यात शरीरशास्त्रही आहे बरं का. उपाशी ठेवलं की शरीर वसुली करतं. काही मुली मग अधाशासारखं खातात आणि गुपचूप ओकून टाकतात. तोही एक आजारच.

आता कोणी म्हणेल, म्हणजे शेवटी दोष आईचाच का? नाही हो. २०१९ साली जवळजवळ १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या आजाराची मुळं काही अंशी जन्मजात घडणीत असल्याचं दिसलं. त्याच आईच्या हाताखाली वाढलेल्या दुसऱ्या मुलीला काहीच होत नाही. शिवाय आई तरी ‘अगं, किती खातेस’ का म्हणते? उद्या पाहुणे बघायला येणार, ते ‘मुलगी जरा अंगानं आहे’ म्हणून परत जाणार, आणि बोल तिलाच लागणार, म्हणून. जग जे मोठ्यानं बोलणार असतं ते ती आधीच हळू आवाजात बोलते. तिला गुन्हेगार ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

माझं म्हणणं एवढंच की जन्मजात घडण आपल्या हातात नाही, ताट आहे. उपास धरणारी, कमी जेवणारी, स्वतःच्या पोटाला नावं ठेवणारी बाई म्हणजेच चांगली बाई, हे जिथे रोज दिसतं, तिथे आजारी पडू लागलेली मुलगी महिनोन्‌महिने कोणाच्या नजरेत भरत नाही. उलट तिला शाबासकी मिळते. माझा राग आहे तो या शाबासकीवर. नवरात्रात रासाईदेवीचे उपवास जरूर धरावेत, श्रद्धेला माझी ना नाही. पण वाढत्या वयाच्या मुलीनं उपवास वाढवत नेले तर कौतुक करू नये, चौकशी करावी.

आणि आजारापर्यंत न जाणाऱ्या बायकांचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. रक्त कमी असण्याची कारणं अनेक आहेत, आणि तो वेगळा आजार आहे हे मला कळतं. पण ताट तेच आहे.

एक गंमत बघा. आपल्याकडे बाईला ‘तुला काय खावंसं वाटतं?’ असं विचारायची रीत आहे, पण फक्त डोहाळे लागले की. म्हणजे विचारायचं तेही पोटातल्या बाळासाठी! एरवी तिची आवड तिलाच आठवत नाही. त्याच बाया खुरपायला गेल्या की बांधावर गोल करून बसतात, एकमेकींचं कालवण चाखतात, पोटभर जेवतात. तिथे कोणी शेवटी बसत नाही. म्हणजे जमतं की. घरात फक्त तशी जागा नाही.

लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात १९८० च्या दशकात या आजारावर एक उपचार रूढ झाला. त्यात आईवडिलांना दोष देत नाहीत, त्यांनाच कामाला लावतात. मुलीला वाढायचं, तिच्याजवळ बसायचं, घास जाईपर्यंत उठायचं नाही. माझ्या विद्यार्थिनीला डॉक्टरांनी असंच काहीसं सांगितलं, आणि वर एक अट घातली: तुम्हीही त्याच वेळी, तेवढंच जेवायचं. ती म्हणाली, ‘बाई, लग्नाला वीस वर्षं झाली, मी पहिल्या पंगतीला पहिल्यांदा बसले.’ मुलगी आता ४४ किलोवर आली आहे. वाट अजून लांब आहे.

तुमच्या घरात अशी काही शंका असेल तर देवऋषी, टॉनिक यात दिवस घालवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि शंका नसेल तरी आज रात्री लेकीसुनांनो, ताटं एकदम वाढा. पोळी गार झाली तरी चालेल.