पुस्तकात लिहू नका!

शाळा उघडायच्या आधीचे आठ-दहा दिवस नगरच्या कापड बाजारात पाय ठेवायला जागा नसते. एका हातात पोरगं, दुसऱ्या हातात शाळेची यादी आणि समोर दुकानदाराचं पालुपद, "ताई, पूर्ण सेटच घेऊन जा, नंतर माप मिळणार नाही." यादीत आहे म्हणून डझनभर वह्या, कंपास, बाटली, डबा, सगळं नवं. गेल्या वर्षीचं कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. हल्ली तर पर्यावरणाच्या नावाखाली बांबूच्या वस्तू आणि बिया भरलेल्या पेन्सिलीही घेतल्या जातात. घरात डबाभर अर्ध्या पेन्सिली पडलेल्या असताना आणखी एक आणली, तर ती कशाचीही असो, भरच.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. गावात पाणी किती ते आधी बघायचं, मग पीक ठरवायचं. दप्तराचं गणितही याच क्रमाने मांडावं. एखाद्या रविवारी सगळी दप्तरं सतरंजीवर पालथी करा. टोपणं हरवलेली पेनं निघतील, खोडरबरचे तुकडे निघतील, डब्यातून हरवलेला चमचाही सापडेल. जे दप्तर 'फाटलं' म्हणून टाकायला निघालात, त्याच्या चेनचा फक्त रनर गेलेला असतो. तो बसवून द्यायला कारागिराला चहा निवायच्या आत जमतं.

आणि निघतील वह्या, मागची निम्मी पानं कोरी असलेल्या. आमच्या पिढीत सुट्टीतलं हे ठरलेलं काम होतं. कोरी पानं पात्याने कापून घ्यायची, जमिनीवर ठोकून कडा एकसारख्या करायच्या, वर जड पाटा ठेवायचा. मग कडेपासून अर्धा इंच सोडून दाभणाने भोकं पाडायची. दोरा मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर काढून गाठ मारायची. कण्याला खळ लावून जुन्या कॅलेंडरचं जाड पान चिकटवलं, की वही तयार. एकरेघी आणि चौकटीची पानं एकत्र आली तर ती रफ वही. दिसायला बेंगरूळ असायची, पण गणितं तिच्यातही तीच सुटायची.

पण वह्यांपेक्षा मोठी गोष्ट पुस्तकांची. पूर्वी निकाल लागला की वरच्या वर्गातला पोरगा आपली पुस्तकं खालच्याला अर्ध्या किमतीत द्यायचा, खालचा ती पुढे द्यायचा. एकच भूगोल तीन-तीन घरं फिरून यायचा. ही साखळी मुलांच्या हट्टाने तुटली असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. ती पुस्तकांनी तोडली. आज कितीतरी शाळांत पुस्तकातच रिकाम्या जागा भरायच्या, जोड्या लावायच्या, चित्रं रंगवायची असतात. खासगी प्रकाशकांच्या संचात तर वर्कबुक सक्तीचंच. एप्रिलमध्ये त्या पुस्तकाची किंमत रद्दीच्या काट्यावर ठरते.

सरकारनेही हा प्रयोग करून पाहिला. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांचे चार भाग केले आणि धड्यांना जोडून 'माझी नोंद'ची कोरी पानं घातली. हेतू चांगला होता, दप्तराचं ओझं कमी व्हावं, वह्यांचा खर्च वाचावा. प्रत्यक्षात पोरं वह्याही नेतच राहिली, आणि ज्यांनी त्या पानांवर इमानदारीने लिहिलं त्यांचं पुस्तक धाकट्या भावाला देण्याजोगं उरलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने हा निर्णय मागे घेतला. बरं झालं.

आता २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला, पुढच्या इयत्तांचाही टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. म्हणजे जुनी पुस्तकं खरोखरच निरुपयोगी होणार, हे कबूल. पण नवा अभ्यासक्रम काही वर्षं तरी टिकतो. त्याच्या पहिल्याच तुकडीने पुस्तकं नीट वापरली, तर मागच्या दोन-तीन तुकड्यांना ती पुरतील. खाकी कागदाचं कव्हर घालायचं, नाव पेन्सिलीने लिहायचं, उत्तरं वहीत. पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत फुकट मिळतात, म्हणून ती टाकायची असतात असं कुणी सांगितलं?

गणवेशात गोम शिवणीची आहे. शिंपी पूर्वी कमरेला आणि खाली दोन-दोन बोटं माया ठेवायचा, टीप उसवली की कपडा आणखी वर्षभर चालायचा. तयार गणवेशात ही माया नावालाच असते, तेव्हा दुकानात गेल्यावर कापडाच्या आधी दुमड उलटून बघा.

जाता जाता येण्याजाण्याचं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला याच नगरातून पुण्याला सुटली. आज विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत आहे, ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत, आणि पास शाळेतच द्यायला महामंडळाने सुरुवात केली आहे. तरी शाळेच्या फाटकासमोर एकेका पोरासाठी एकेक चारचाकी धुरळा उडवत उभी असते. एसटी वेळेवर येत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ती पन्नास पालकांनी मिळून आगारप्रमुखांकडे केली, तर तिला वजन येतं.

पुस्तकांचंही तसंच, एकट्या घराने होणारं काम नाही. जूनमध्ये अदलाबदल करू म्हटलं तर उशीर झालेला असतो, तोवर सगळं रद्दीवाल्याकडे गेलेलं असतं. दिवस हवा तो १ मे चा. झेंडावंदन असतं, निकाल असतो, वरचा वर्ग आणि खालचा वर्ग एकाच मैदानात असतो. व्हरांड्यात एक टेबल, एकीकडे पुस्तकं, दुसरीकडे आखूड झालेले गणवेश. पहिला संच मुख्याध्यापकांच्या किंवा सरपंचांच्या घरच्या पोराने उचलावा, म्हणजे जुनं घ्यायची लाज कुणाला वाटणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यामुळे ठराव करायला कुणाची परवानगी मागत बसायचं कारण नाही. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आहे, तिथे आधी वर्कबुकचा विषय काढा. समितीच्या किंवा संघाच्या बैठकीची नोटीस बहुतेक दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेली असते. रविवारी दप्तर पालथं कराल, तेव्हा तीही बघा.