तक्रार नाही म्हणून तपासणी नाही

दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून माणसे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे निघतात. त्यांत गरोदर बायकाही असतात. नाव नोंदवताना आरोग्य केंद्रात रक्त दिलेले असले, तरी अहवाल येईपर्यंत बाई फडावर पोचलेली असू शकते. त्या अहवालात सिफिलिस निघाला आणि तिला कळलेच नाही, तर बाळ पोटातच दगावण्याचा किंवा आजार घेऊन जन्मण्याचा धोका असतो. तो टाळायला पेनिसिलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तरी पुरते.

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांत सिफिलिस सर्वांत फसवा. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक व्रण उठतो. तो दुखत नाही. बाईच्या बाबतीत तो आत असला तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरतो आणि श्रेय मिळते कुणीतरी दिलेल्या मलमाला. पुढे अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ येते, तेही जाते. जंतू मात्र शरीरातच राहतात आणि काही वर्षांनी हृदय, मेंदूपर्यंत पोचू शकतात. 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' अशा भिंतीवरच्या जाहिरातींचा धंदा बराचसा या आपोआप भरणाऱ्या जखमांवरच चालत असावा.

परमा आणि क्लॅमिडियाची तऱ्हा वेगळी. परम्यात पुरुषाला बहुधा लघवीला जळजळ होते, पू जातो. म्हणून तो निदान दवाखान्याकडे वळतो. बायकांना पुष्कळदा काहीच जाणवत नाही. आत गर्भनलिकांना इजा होत राहते, मूल राहत नाही आणि वांझपणाचा ठपका तिच्यावर येतो.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. तक्रार सांगणाऱ्या होत्या 55 टक्के. याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. हे सगळे आजार संबंधांतून आलेले नव्हते, हे खरे. पण अंगावरून पांढरे जाणे हा बाईचा भोगच, असे समजून किती जणी गप्प बसतात, ते त्यातून दिसले.

सरकारी दवाखान्यातील उपचाराची पद्धत मुख्यतः लक्षणांवर उभी आहे. स्राव असेल तर एका रंगाचे औषधाचे पाकीट, व्रण असेल तर दुसऱ्या रंगाचे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही सोय मोलाची आहे. पण जिला तक्रारच नाही, तिच्यासाठी कुठल्याच रंगाचे पाकीट नाही. आणि एकट्या बाईने गोळ्या घेतल्या, नवरा तसाच राहिला, तर दुखणे पुन्हा घरात येते.

तपासणी अवघड नाही. सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन सुमारे वीस मिनिटांत निकाल देणारी चाचणी उपलब्ध आहे. त्यात दोष दिसला तर पुढच्या तपासण्यांनी खात्री करतात. परमा, क्लॅमिडियासाठी लघवी किंवा स्रावाचा नमुना लागतो. मात्र संसर्गानंतर लगेच केलेली रक्तचाचणी निर्दोष येऊ शकते, म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. एचआयव्हीचा निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन 2017 च्या कायद्याने घातले आहे. तरीही गावातलीच ओळखीची माणसे केंद्रात असतात, ही भीती कायद्याने जात नाही. पावरी, भिलीत बोलणारी परिचारिका आणि बोलायला एक बंद खोली, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल.

ऊसतोडीच्या गाड्या भरण्याआधी पाड्यावरच ही झटपट चाचणी व्हावी, नवरा-बायको दोघांची, आणि गरज असेल त्याला इंजेक्शन त्याच दिवशी मिळावे. होळीला माणसे सातपुड्यात परततात. राहिलेल्यांना गाठायला आणि चाचणी पुन्हा करायला तो दुसरा मुहूर्त आरोग्य खात्याच्या दिनदर्शिकेत असायला हवा.