पत्ते नकोत, की पैज नको?

पॅरिशच्या सणानिमित्त हाउजीची तिकिटे विकताना कोणास संकोच वाटत नाही. मात्र त्याच सभागृहात चौघांनी मेंढीकोटाचा डाव मांडला, तर भुवया उंचावतात. अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, आमच्या कुटुंबांत हा दुटप्पीपणा इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणास खटकतही नाही. आम्हांस तो खटकतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

हाउजीत काय असते? तिकिटावर 15 आकडे. कोणी 1 ते 90 मधील आकडे पुकारावेत आणि आपण ते खोडावेत. खेळणाऱ्यास निर्णय असा एकही घ्यावा लागत नाही. आम्ही हाउजीला पाप म्हणत नाही. परंतु जिला आपण निरागस करमणूक मानतो, तिच्यात पैसा आणि नशीब ह्या दोनच गोष्टी आहेत, एवढे तरी मान्य करावे.

आता मेंढीकोट पाहा. समोरासमोर बसलेले दोघे भिडू, अशा दोन जोड्या. 52 पाने, प्रत्येकी 13. चारपैकी तीन किंवा चारही दश्श्या घेईल ती जोडी जिंकते. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात अधिक, ते जिंकतात. बंद हुकमाच्या प्रकारात हुकमाचे पानही पालथे असते. म्हणजे आपली 13 पाने वगळता 39 पाने दृष्टीआड, त्यांतील 13 आपल्याच भिडूची, आणि त्याला विचारण्याची सोय नाही! त्याने चौकटचा एक्का उतरला. आपल्याजवळ चौकटची दश्शी आहे. ती द्यावी की राखावी? शेवटी खेळणाऱ्या गड्यापाशी मागच्याच हातात चौकट नव्हती, हे ध्यानात असेल तर दश्शी राखावी. तो हुकमाने मारण्याचा धोका आहे. ध्यानात नसेल तर दश्शी जाते, आणि भिडूचा एक्काही वाया जातो. आपल्या बेसावधपणाची किंमत दुसऱ्यास मोजावी लागते, हा धडा मुलांना याहून स्वस्तात कोठे मिळणार?

“पत्त्यांनी घरे बुडवली,” असे वडीलधारी मंडळी म्हणतात. बुडवली, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती कोणत्या खेळाने? कसोटी सोपी आहे: खेळातून पैसा काढून घ्या आणि काय उरते ते पाहा. तीनपत्तीतून पैसा काढला, तर डाव दहा मिनिटांत कंटाळवाणा होतो. मेंढीकोटातून किंवा ब्रिजमधून काढला, तर काहीच उणे होत नाही. 2018 च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. त्यांना कोणी जुगारी म्हटले नाही.

कायदाही याच कसोटीकडे वळला आहे. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. त्या आधाराच्या आडोशाने मोबाइलवरील पैशांची रमी घराघरांत शिरली. अखेर 2025 साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. ख्रिस्तसभेच्या 1992 च्या धर्मशिकवणीतील 2413 वा परिच्छेदही हेच सांगतो: पत्ते मुळात अन्याय्य नाहीत, पोटापाण्यासाठी लागणारे धन ते हिरावू लागले की ते अग्राह्य होतात. खेळातील लबाडीस मात्र तेथे गंभीर दोष म्हटले आहे.

त्या लबाडीविषयी आपण फारच सैल आहोत. भिडूला डोळा मारणे, खाकरणे, पान आपटून सुचवणे, हे घरोघरी विनोद म्हणून खपते. 1975 साली बर्म्युडातील जागतिक ब्रिज स्पर्धेत एका इटालियन जोडीतील खेळाडू मेजाखाली भिडूच्या पायाला पाय लावताना आढळला. त्यानंतर मेजाखालीही अडसर घालावा लागला. खूण केली की अनुमान संपले, आणि विश्वासाची गरजही संपली. उलट जर्मनीत 2019 साली आलेल्या थॉमस सिंग यांच्या ‘द क्रू’ ह्या खेळात प्रतिस्पर्धीच नाहीत. सारे एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात. तरीही बोलण्यास बंधन! डावात एकदाच एक पान उघडे ठेवायचे आणि ते आपल्याकडील त्या रंगाचे सर्वांत मोठे, सर्वांत लहान की एकुलते एक, एवढेच कळवायचे. बाकीचे इतरांनी ओळखायचे.

आमच्या घरांत आज चौघे चार मोबाइलांत डोके खुपसून बसतात. समोरच्याच्या मनात काय आहे, हे ओळखण्याची सवयच मोडते आहे. म्हणून पॅरिशमंडळांना आमचे सांगणे आहे: येत्या सणाला हाउजी खुशाल ठेवा, पण शेजारी मेंढीकोटाची चार मेजेही मांडा. पैज नको, खुणा नकोत, आणि प्रत्येक आजोबा-आजीचा भिडू बारा-तेरा वर्षांचा असावा. ज्यांना हे जुगारासारखे वाटते, त्यांनी एक डाव बसून खेळावा आणि मग खुशाल आमच्याशी भांडावे.