माशाची परीक्षा आणि आपले ताट

मासा हा आपल्या मराठी घरांत नुसता खाण्याचा पदार्थ नाही. आपले पूर्वज कोकणच्या बंदरांतून निघून या बेटावर आले तेव्हा त्यांनी बरोबर फारसे काही आणले नव्हते. पण मासा कसा पाहावा, कसा कापावा आणि कसा शिजवावा ही विद्या त्यांनी नक्की आणली. कल्ले लाल हवेत, डोळे चकचकीत हवेत, बोटाने दाबले तर मांस पुन्हा वर यायला हवे, ही आपल्या आजीची परीक्षा आजही खरी आहे. उपवासाचे दिवस सोडले तर आठवड्यातून एकदा तरी माशाची कढी आपल्या चुलीवर चढतेच.

परंतु आजीच्या परीक्षेत न सापडणाऱ्या गोष्टीही माशात असतात. मांसात लपलेली बारीक अळी, डोळ्यांना न दिसणारा पारा आणि उन्हात राहिल्याने मुरलेले विष यांचा पत्ता कल्ले पाहून लागत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, माणसे लागतात आणि पुष्कळ वर्षांचा धीर लागतो. या कामाची ओळख करून घेण्यासाठी आज आम्ही वाचकांना कतार या छोट्या देशाकडे नेऊ इच्छितो.

कतारच का, असे कोणी विचारील. त्या देशाची ओळख आज तेल, वायू आणि उंच इमारती यांनी होते. पण तेल सापडण्यापूर्वी तिथली माणसे समुद्रावरच जगत होती. मोती काढायचे आणि मासे धरायचे, हाच त्यांचा धंदा. आखातातले मोती विकले जात ते बहुतेक मुंबईच्या बाजारात आणि १९६६ पर्यंत कतारमध्ये चलनही रुपयाचेच होते. दुसरे कारण आपल्या स्वयंपाकघरातले आहे. दोह्याच्या बाजारात ज्याला ‘शारी’ म्हणतात, तो मासा म्हणजे आपला ‘कापितेन’. तिथला सर्वांचा आवडता ‘हामूर’ हा आपल्या ‘व्हियेय’च्या कुळातला, कोकणात ज्याला हेकरू किंवा गोब्रा म्हणतात त्याचाच भाऊबंद. हिंदी महासागराच्या एका टोकाला जो मासा तपासला जातो, तो दुसऱ्या टोकाला आपल्या ताटात असतो.

कतारभोवतीचे आखात हा फार नाजूक समुद्र आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ३५ मीटर. महासागराच्या एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असते, तर तिथे ४० ग्रॅमहून अधिक. उन्हाळ्यात पाणी फार तापते. होर्मुझच्या अरुंद तोंडातून पाणी बदलायला काही वर्षे लागतात. अशा समुद्राच्या काठी तेलाच्या विहिरी, कारखाने आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रचंड यंत्रसंच उभे आहेत. दोह्याच्या नळाला येणारे पाणी बहुतांश समुद्रातूनच काढलेले असते. तेव्हा तिथे समुद्राची तब्येत म्हणजे जेवणाची आणि पिण्याच्या पाण्याचीही तब्येत आहे.

या समुद्रावर नजर ठेवण्यासाठी आखाताच्या आठ देशांनी १९७८ साली कुवेतमध्ये एक करार केला आणि पुढच्या वर्षी त्यांची संयुक्त संघटना उभी राहिली. राजकारणात एकमेकांशी न पटणारे देशही या एका कामासाठी एका टेबलाशी बसले. कतार विद्यापीठात १९८० च्या दशकात सऊद, रमदान आणि अल् कवारी या संशोधकांनी आखातातील माशांच्या पोटातील कृमींचा अभ्यास करून त्यावर लेखमाला प्रसिद्ध केली. एकेक मासा चिरायचा, आतडी उघडायची, सापडलेली कृमी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिचे चित्र काढायचे, असे हे काम. यात नाव मिळत नाही, पैसाही मिळत नाही. पण पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते त्यामुळेच कळते. आज त्या विद्यापीठाच्या पर्यावरण केंद्राकडे ‘जनान’ नावाचे स्वतःचे संशोधन-जहाज आहे आणि उत्तरेला रास मतबख येथे सरकारचे मत्स्य संशोधन केंद्र आहे.

अशा मोजणीचा उपयोग काय, याचे उत्तर १९९१ साली मिळाले. युद्धात कुवेतच्या किनाऱ्यावरून लाखो पिंपे तेल समुद्रात गेले. सारे आखात मेले अशी हाकाटी झाली. मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी चिखल, शिंपले आणि मासे तपासले. अतिशय गंभीर प्रदूषण प्रामुख्याने सौदी किनाऱ्यावर, गळतीच्या जागेपासून सुमारे ४०० किलोमीटरांच्या आत असल्याचे त्यांना आढळले. हे त्यांना ठामपणे सांगता आले याचे कारण, युद्धापूर्वीची मोजमापे त्यांच्या हाती होती. आधीचा आकडा असेल तरच नंतरचे नुकसान सिद्ध होते. आणि नुकसान झाले नसेल तर कोळ्याचा मासा निर्दोष आहे, हेही त्याच आकड्याने सिद्ध होते.

हे वाचताना आपल्या बेटावरील कोणाला २०२० साल आठवणार नाही? त्या वर्षी २५ जुलैला ‘वाकाशियो’ हे जहाज प्वांत देस्नीच्या खडकावर चढले आणि ६ ऑगस्टपासून सुमारे एक हजार टन तेल आपल्या पाण्यात उतरले. लोकांनी उसाच्या पाचटाचे आणि केसांचे बांध घालून तेल अडवले, हे जगाने पाहिले. पण त्या भागातली मासेमारी बंद झाली तेव्हा कोळी कुटुंबाच्या मनात दोनच प्रश्न होते: आमचा मासा खाण्याजोगा आहे का आणि आमचे नुकसान किती? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शांततेच्या काळात केलेल्या मोजणीवरच अवलंबून असतात. संकट आल्यावर नमुने गोळा करायला धावणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय.

आता आपल्या ताटाकडे येऊ. माशातील धोके एकाच जातीचे नसतात आणि म्हणून त्यांचा उपायही एक नाही, ही या साऱ्या संशोधनातली सर्वांत उपयोगी शिकवण आहे.

पहिला धोका कृमींचा. समुद्रातील अनेक माशांत अनिसाकिस जातीच्या अळ्या असतात. कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाल्ला तर ती अळी माणसाच्या पोटाला चिकटून तीव्र दुखणे लावते. हॉलंडमध्ये कच्चा हेरिंग मासा खाण्याची चाल आहे. तिथे १९६० साली हे दुखणे शास्त्रज्ञांनी ओळखले आणि १९६८ साली तो मासा आधी गोठवण्याचा कायदा झाला. त्यानंतर रोग जवळजवळ नाहीसा झाला. मासा मधल्या भागापर्यंत ६० अंशांवर शिजला किंवा उणे २० अंशांवर पुरेसा काळ गोठला की अळी मरते. युरोपचा नियम यासाठी किमान २४ तास सांगतो, अमेरिकेचा सात दिवस. आपली कढी उकळून होते, म्हणून आपण बहुधा सुरक्षित आहोत. पण आपली मुले आता हॉटेलात जाऊन जपानी पद्धतीचा कच्चा मासा खातात, त्यांना हे सांगायला हवे.

दुसरा धोका पाऱ्याचा. इथे चूल हरते. पारा शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, मीठ-हळद लावूनही जात नाही. पाण्यातला थोडासा पारा सूक्ष्म जीवांत शिरतो, त्यांना लहान मासा खातो, लहानाला मोठा खातो आणि प्रत्येक पायरीवर तो साठत जातो. कतारच्या सागरी हद्दीत ही शिडी पायरी-पायरीने मोजून २०२० साली संशोधकांनी प्रसिद्ध केली. जपानमधील मिनामाता गावात १९५६ साली उघडकीस आलेला अनर्थ याच वाटेने घडला होता. आमच्या बेटावर धुरावलेला मार्लिन मोठ्या हौसेने खातात. तो मोठा शिकारी मासा आहे आणि म्हणूनच अन्नाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१८ साली त्याच्यासाठी, तसेच शार्क व ट्यूना यांच्यासाठी पाऱ्याची वेगळी मर्यादा घातली. गरोदर लेकी-सुनांनी आणि लहान मुलांनी शार्क, मार्लिन, तलवारमासा टाळावा. बाकीचा मासा मात्र अवश्य खावा. आईच्या आहारातील मासा बाळाच्या मेंदूला हितकर आहे, हे जागतिक तज्ज्ञांचे मत आहे. भीतीपोटी मासाच सोडणे हा उपाय नव्हे.

इथे आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आखातातील हामूर-शारीत आर्सेनिक सापडले असे वाचले की कोणीही दचकेल. पण माशातले आर्सेनिक बहुतांशी अशा रूपात असते की ते शरीराला बाधत नाही. नुसता आकडा ऐकून घाबरू नये, तो कशाचा आकडा आहे हे विचारावे.

तिसरा धोका समुद्रात नसतोच. तो आपण निर्माण करतो. ट्यूना, बांगडा यांसारखे मासे बर्फाविना उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचे विष तयार होते. ते एकदा झाले की तळून, उकळून, गोठवून किंवा डब्यात बंद करूनही नष्ट होत नाही. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते आणि दोष बिचाऱ्या मसाल्याला दिला जातो! कोकणचे सुके बोंबील, आखातातली ‘महयावा’ ही माशांची आंबवलेली चटणी, आपला खारवलेला मासा, या साऱ्या उष्ण प्रदेशातल्या लोकांनी शोधलेल्या युक्त्या आहेत. त्या चांगल्याच आहेत. परंतु मीठ भरपूर हवे, वाळवण्याची जागा स्वच्छ हवी आणि मुळात मासा ताजा हवा. होडीतून ताटापर्यंत बर्फ सुटू नये, हा नियम ज्या घरात पाळला जाईल त्या घराने अर्धी लढाई जिंकली.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याकडे अल्बियों येथे मत्स्य संशोधन केंद्र आहे, ट्यूना डबाबंद करून परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. परदेशी गिऱ्हाईकासाठी जी तपासणी होते, तितकीच काळजीपूर्वक तपासणी आपल्या लगूनमधल्या माशाची व्हावी, ती दरवर्षी व्हावी आणि तिचे निकाल कोळ्याला व गृहिणीला समजेल अशा भाषेत जाहीर व्हावेत. शास्त्रज्ञांचे कागद शास्त्रज्ञांपुरतेच राहिले तर त्यांचा अर्धा उपयोग फुकट जातो.

आणि आपल्या समाजाला एक विनंती. आपली हुशार मुले डॉक्टर, वकील, हिशेबनीस होतात, याचा आम्हांला अभिमान आहे. पण चोहोबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर समुद्राचे शास्त्र शिकणारी मुलेही हवीत. मुंबईच्या वर्सोव्याला १९६१ पासून मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे आणि रत्नागिरीला, आपल्या पूर्वजांच्याच मुलखात, मत्स्य महाविद्यालय आहे. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर दरवर्षी आपली मुले शिकायला जातात. त्यांतल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने ही वाट धरावी. ज्या किनाऱ्यावरून पणजोबा निघाले, त्याच किनाऱ्यावर जाऊन माशाची नवी परीक्षा शिकून यावी. आजीच्या परीक्षेला ती जोड मिळाली तर आपल्या ताटातला मासा रुचकर तर राहीलच, शिवाय निर्धास्तपणे खाता येईल.