गावाची माहिती गावच्या वाचनालयात का मिळू नये?



दोन वर्षांपूर्वी चौथीच्या मुलांना मी 'माझं गाव' हा प्रकल्प दिला होता. प्रश्न अगदी साधे. गावाची लोकसंख्या किती? विहिरी किती? पाऊस किती पडतो? सरकारी दवाखाना किती लांब? आठवड्याने वह्या जमा झाल्या आणि एकाच गावाच्या चार लोकसंख्या माझ्या टेबलावर आल्या. एक ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची, एक कुणाच्या तरी आजोबांनी अंदाजाने सांगितलेली, एक मोबाइलवर शोधलेली. चौथीही मोबाइलवरचीच होती, पण ती दुसऱ्या तालुक्यातल्या आमच्याच नावाच्या गावाची निघाली. त्या मुलीने तिथली नदीसुद्धा सुंदर अक्षरात लिहून आणली होती. आमच्या गावाला नदी नाही. ओढा आहे, तोही पावसाळ्यात दोनेक महिने वाहणारा.

वर्गात सगळे हसले, मीही हसले. मग एका मुलाने विचारलं, "बाई, मग खरी कोणती?" आणि मला ते सांगता येईना.

घरी येऊन शोधायला बसले. सापडली, पण तीन रात्री गेल्या. २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका इंटरनेटवर आहे. शेकडो पानांची पीडीएफ, सगळी इंग्रजीत. तिच्यात प्रत्येक गावाची एक ओळ आहे. शाळा आहे का, पिण्याचं पाणी कुठलं, बागायत किती हेक्टर, दवाखाना गावात नसेल तर तो पाच किलोमीटरच्या आत की पाच ते दहा की त्याच्याही पुढे. आपल्या गावाला सहा आकडी संकेतांक आहे हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. तो आकडा हातात असला की नावसारख्या गावांचा घोळ होत नाही. डी.एड.ला असताना आम्हाला 'परिसरातून शिक्षण' यावर भरपूर लिहायला लावलं, पण परिसराची माहिती नेमकी कुठे असते हे काही कुणी दाखवलं नाही.

म्हणजे माहिती नाही असं अजिबात नाही. सातबारा महाभूलेखवर आहे. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर आहे. मंडळनिहाय पावसाचे आकडे कृषी विभागाकडे, शाळेचे आकडे यूडायसवर. आपल्या जिल्ह्याचं १८८४ सालचं इंग्रजी गॅझेटिअरसुद्धा वाचायला मिळतं. पण यातलं प्रत्येक वेगळ्या दारामागे, आणि प्रत्येक दाराची कडी वेगळी. कुठे संकेतांक हवा, कुठे गट नंबर, कुठे इंग्रजी स्पेलिंग. चौथीतलं मूल सोडा, त्याच्या वडिलांनाही ते जमत नाही. त्यात आता जिल्ह्याचं नाव बदललं. २०२४पासून आपण अहिल्यानगर लिहितो, आणि जुनी सगळी माहिती 'अहमदनगर' नावाखाली आहे. राहात्याचे १९९१चे आकडे शोधायला जाल तर त्या जनगणनेत राहाता हा तालुकाच नाही. हे जोडून कोण देणार? ग्रंथपाल देऊ शकतो. 'अहमदनगर पाहा, अहिल्यानगर पाहा' अशा सूचनांच्या चिठ्ठ्या तालिकेत लावणं हे त्यांचं जुनंच काम आहे.

आता आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, मनातली गोष्ट. ही माहिती गोळा कोण करतं हो? जनगणनेला घरोघरी आपण जातो. मतदारयादीचं काम आपल्याकडे. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे आपण करतो, यूडायसचा फॉर्म आपण भरतो. २०२१ची जनगणना झाली नाही, आता ती २०२७ची आहे, म्हणजे पुन्हा आपणच. या कामांबद्दल आपण खूप तक्रार करतो आणि ती रास्त आहे. पण माझी खरी खंत जरा वेगळी आहे. आपण गावातून गोळा केलेलं सगळं वर जातं आणि परत गावात येत नाही. ज्या मावशीने भर उन्हात मला पाणी देऊन दहा प्रश्नांची उत्तरं दिली, तिला त्या उत्तरांचं पुढे काय झालं हे कधीच कळत नाही. 

याने काय बिघडतं असं कुणी म्हणेल. माझ्या वर्गातलं एक उदाहरण सांगते, नाव-गाव बाजूला ठेवून. आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. एका आईने मुलीला मागे ठेवायचं ठरवलं होतं, आजी सांभाळणार होती. तेवढ्यात तिच्या फोनवर मेसेज आला की यंदा वसतिगृह बंद. तिने विश्वास ठेवला आणि मुलीला घेऊन गेली. तो मेसेज दुसऱ्याच जिल्ह्यातला होता आणि आदल्या वर्षीचा होता. मुलगी थेट एप्रिलमध्ये परत आली. जाताना तिला हातचा घेऊन बेरीज छान यायची. आल्यावर आम्ही पुन्हा दशक-एककापासून सुरुवात केली. त्या आईला विचारायला एक खात्रीचं ठिकाण गावात असतं तर? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण टोळी निघाली तेव्हा शाळेला सुट्टी होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे ठिकाण वाचनालय असावं. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, म्हणजे आपलं त्याहून दोन वर्षांनी थोरलं! (नगरकरांना ही बढाई मारायला हरकत नसावी.) त्या काळी वर्तमानपत्र परवडणारे फार थोडे होते, बाकीच्यांना जगाची खबर वाचनालयातच मिळायची. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. आज राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत. अ, ब, क, ड वर्गांतली ही वाचनालयं अगदी लहान गावांतही पोचलेली आहेत. इतकं मोठं जाळं आणि त्याच्या दारावर काय, तर 'येथे कादंबऱ्या मिळतात'.

वाचनालयाने आपल्या गावासाठी इंटरनेटवर एक साधं पान चालवावं. मराठीत, मोबाइलवर उघडणारं. त्यावर गावाचा संकेतांक आणि त्यापुढे सरकारी ठिकाणांचे थेट दुवे. एसटीचं वेळापत्रक, प्राथमिक आरोग्य केंद्राची वेळ, १०८ आणि १०९८ हे क्रमांक. पुढची ग्रामसभा कधी, आरटीईच्या प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची शेवटची तारीख. आणि प्रत्येक नोंदीखाली ती कुठून घेतली आणि कधी तपासली हे लिहिलेलं. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजला नेमकं हेच नसतं. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याच्यासाठी तेच पान छापून वाचनालयाच्या दाराशी लावायचं.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात चॅटनूगा नावाचं शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४मध्ये शहराची खुली माहिती लोकांना देणारं संकेतस्थळ सांभाळायला घेतलं. लोकांना हवी ती नोंद शोधून देणं हे ग्रंथालयाचंच काम, मग ती पुस्तकात असो की तक्त्यात, असा तो विचार. इतक्या लांब कशाला, माहिती अधिकाराचं आंदोलन आपल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून पेटलं. राज्याचा कायदा २००२चा, देशाचा २००५चा. त्यातलं कलम ४ सांगतं की कार्यालयांनी बरीचशी माहिती कुणी मागायची वाट न बघता, स्थानिक भाषेचा विचार करून, लोकांपर्यंत पोचवावी. आपण अर्जाच्या कलमावर खूप बोलतो आणि या कलम ४वर फारच कमी.

आकडा गावासमोर आला की काय होतं हे हिवरे बाजारने दाखवलंय. तिथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात, तो ग्रामसभेत ठेवतात आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरवतात. मुलांना मी हे गणिताच्या तासाला सांगते. वजाबाकी कशासाठी शिकायची याचं याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता अडचणी. एका ग्रंथपाल दादांशी बोलले तर ते म्हणाले, "बाई, मला मिळतं किती आणि त्यात मी करू काय काय?" खरंच आहे त्यांचं. लहान वाचनालयाचं अनुदान तुटपुंजं, ते येणार हप्त्याहप्त्याने, आणि माणूस एकटा. त्यांच्यावर आणखी एक बिनपगारी काम टाकायचं म्हणजे आपल्यावर जे होतं तेच त्यांच्यावर करायचं. त्यामुळे या कामासाठी वेगळे पैसे आणि तालुक्याला निदान एक प्रशिक्षित माणूस हवा, आणि ते शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाकडूनच यायला हवं. शिक्षकांनी पहिलं पान भरायला मदत करावी, पण ते सांभाळायचं काम कायमचं आपल्या गळ्यात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. गावाची माहिती आणि गावातल्या माणसांची माहिती यात फरक आहे. किती मुलं स्थलांतरित झाली हा आकडा पानावर चालेल, त्यांची नावं नाही. लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, कुणाच्या आजाराची नोंद, यातलं काहीही तिथे येता कामा नये. आपणच हौसेने मुलांचे फोटो नाव-वर्गासकट ग्रुपवर टाकतो, तेव्हा ही सवय आधी आपल्याला लावून घ्यावी लागेल.

यंदा आम्ही पान वगैरे काही केलेलं नाही, तेवढी ऐपत नाही. वाचनालयात एक दोनशे पानी वही ठेवली आहे, सुतळीने टेबलाला बांधून, कारण पेन दोनदा गेलं. पहिल्या पानावर मुलांनी गावाचा सहा आकडी संकेतांक लिहिला आणि खाली २०११ची लोकसंख्या, साल ठळक करून. विहिरींच्या रकान्यात खाडाखोड आहे, कारण बुजलेल्या विहिरी मोजायच्या की नाही यावर पोरांचं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. हंगामी वसतिगृहाच्या नोंदीपुढे तारीख रिकामी आहे. ती कळली की त्याच दिवशी लिहायची, असं त्या मुलीने स्वतःहून अंगावर घेतलंय.